दाराबाहेरच्या चपला

बाई बुधवारी दुपारी गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे प्रार्थना होती.

आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणत असू. नगरकडून भोपाळला आलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. शिवाजी नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत दर बुधवारी आठ-दहा ख्रिस्ती कुटुंबं जमायची. प्रार्थनेआधी बाई वाकून दाराबाहेरच्या चपला जोडीजोडीने सरळ लावत. "या, ग्रंथपाल!" मी ग्रंथालयात कामाला, म्हणून मला पाहून म्हणत. "तुझ्या दोन दिशांना तोंड करून बसल्यात बघ."

त्या बेसूर गात, आणि सगळ्यांत मोठ्याने. कुणी हसलं तर म्हणत, "ज्याच्यासाठी गाते त्याला सवय आहे." येशू पापातून तारतो, ते तारण म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं होतं. त्या भाजी निवडत होत्या. "सकाळी जाग येते ना, त्याच्याआधीच कुणीतरी आपल्याला माफ करून ठेवलेलं असतं. हे कळलं की उठावंसं वाटतं."

गेल्या वर्षी घरातल्या प्रार्थनांत धर्मांतर चालतं का, अशा चौकशा होतात असं कानावर येऊ लागलं. लोक चपला पिशवीत घालून आत आणू लागले. एका बुधवारी मला उशीर झाला. फाटकाशी मोटरसायकलवर दोघे होते.

"यहाँ हर बुधवार क्या चलता है? आप भी इन्हीं में से हैं?"

माझं नाव कुणाही धर्माच्या माणसाचं असू शकतं. पिशवीत बायबल होतं.

"नहीं भैया, मैं तो किताब लौटाने आया हूँ."

ते निघून गेले. मी चपला हातात घेऊन आत शिरलो. बाई खिडकीत उभ्या होत्या. प्रार्थना संपेपर्यंत मी मान वर केली नाही. सगळे गेल्यावर त्यांनी हात पुढे केला.

"दे."

"काय, बाई?"

"पुस्तक. परत करायला आणलंयस ना?"

मी बायबल दिलं. त्यांनी येशूला अटक झाल्यावर 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणाऱ्या शिष्याची, पेत्राची गोष्ट काढून माझ्यासमोर धरली.

"याने तीनदा नाकारलं. तुझं एकदाच झालंय. अजून दोन शिल्लक आहेत."

मला रडू आलं आणि त्यातच हसू फुटलं. "याला प्रभूने कामावरून काढलं नाही," त्या म्हणाल्या. "तू चहा घे." कप देताना त्यांच्याही हातून बशीत चहा सांडला. मग बाहेर जाऊन त्यांनी माझ्या चपला दारापाशी ठेवल्या, सरळ.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी विचारलं, "बाई, भीती वाटते?"

"वाटते रे. पण एकटीला नाही वाटत."

त्यांच्यानंतर बुधवार कुठे करायचा, हे ठरेना. मी माझ्या घरी या म्हणालो. दुसऱ्याच बुधवारी शेजारच्या एकाने जिन्यावरून विचारलं, "आपके यहाँ क्या है आज?"

"प्रार्थना है. हम ईसाई हैं," मी म्हणालो.

"अच्छा," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. त्या 'अच्छा'चा अर्थ मला अजून कळलेला नाही.

दर बुधवारी दुपारपासून मी जिन्याकडे कान लावून असतो. संध्याकाळी मी वाकून चपला सरळ लावतो. त्या बाहेर असतात.