हवालदारांची थांबलेली लघवी

फौजेतून आलेल्या माणसाला दुखणं सांगायची लाज वाटते, हे शालूबाईंना लग्नानंतर लगेच कळलं होतं. हवालदार मानसिंग रिटायर होऊन कराडजवळच्या आपल्या गावी ऊस करायला लागले, तरी ती खोड काही गेली नाही. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या खोडव्यात उसाचा खुंट तळपायात घुसला, तर या गड्यानं जखमेत हळद कोंबली, वर चिंधी गुंडाळली आणि तसाच उसाला पाणी द्यायला, दारं धरायला गेला. पाण्याची पाळी आली होती ना! पाळी चुकवायची म्हणजे जणू लढाईतला मोर्चा सोडून पळायचं. दिवसभर पाय चिखलात.

"आवं, पाय भोपळ्यागत सुजलाय. डाक्टरला दाखवूया की."

"गप गं. खुंट लागून कोण मरत न्हाई."

मग दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून हवालदार त्या उपाशीपोटी खात राहिले. अंगात साखरेचा आजार, वय सत्तरीला टेकलेलं. ताप चढला तरी ऐकेनात. शेवटी बरळायला लागले, लघवी बंद झाली, तेव्हा कुठे त्यांना कराडच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर संयोगितांनी शालूबाईंना बसवून घेतलं. "मावशी, जखमेचं विष रक्तात पसरलंय. रक्तदाब पडला आणि किडन्या बसल्या. वय, साखर, त्या गोळ्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उशीर. सगळंच त्यांच्या विरुद्ध आहे. मशीनवर रक्त धुतोय. लघवी सुरू झाली तर आशा धरू."

शालूबाईंचा जन्म पाणी बघण्यात गेलेला. कृष्णेचा पूर पाहिला, विहिरीचा तळही पाहिला. पण माणसाच्या आत मुठीएवढ्या दोन गोष्टी बसून, कुणी न सांगता, झोपेतसुद्धा रक्त गाळत असतात, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. एवढं मोठं मशीन जे धापा टाकत करतंय, ते हा माणूस जन्मभर शिव्या देत, तंबाखू मळत, फुकटात करत होता! त्या मशीनकडे बघून शालूबाईंच्या अंगावर काटा आला.

बाहेर बाकड्यावर आटपाडीच्या सुलाबाई होत्या. त्यांचा ऋषिराज हवालदारांच्या शेजारच्याच पलंगावर. दुखणंही तेच, मानेवरच्या गळवानं सुरू झालेलं. तिशीही न गाठलेला, ट्रॅक्टर चालवणारा पोरगा. ना साखर, ना बीपी. त्यालाही मशीन लावलेलं. "तुमचा तरणा हाय, निघंल बगा ह्यातनं," असं शालूबाईच त्यांना धीर देत. दोघी एकाच भाकरीतली अर्धी-अर्धी खात.

एका सकाळी भेटायच्या वेळेला दोघी आत गेल्या. हवालदारांच्या पलंगाखालच्या पिशवीत पिवळं पाणी जमलं होतं. नळीतून अजून येत होतं, थेंब थेंब.

शालूबाई खाली वाकल्या. लघवीच्या पिशवीपुढं त्यांनी चक्क हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नर्स हसली, पण तिचेही डोळे भरले होते. "कसं काय सुरू झालं वो?" शालूबाईंनी विचारलं. डॉक्टर संयोगिता म्हणाल्या, "औषधं दिली, मशीन लावलं. पण यांचंच का सुरू झालं, ते मला नाही सांगता येणार, मावशी."

शालूबाईंनी मान वळवली. शेजारच्या पलंगापाशी सुलाबाई उभ्या होत्या. ऋषिराजची पिशवी कोरडी होती.

शालूबाईंनी घाईघाईनं चादरीचं टोक ओढून पिशवी झाकली. एवढा आनंद त्यांना चोरीचा वाटला.

"झाकू नगा बाई," सुलाबाई जवळ येत म्हणाल्या. "मला बगू द्या."

त्यांनी स्वतःच चादर बाजूला केली. खाली बसून त्या पडणाऱ्या थेंबांकडे बराच वेळ बघत राहिल्या. "आसं येतं व्हय," हळूच म्हणाल्या आणि त्यांनीही हात जोडले.

मग त्या उठल्या आणि आपल्या पोराच्या कोरड्या पिशवीपुढं तशाच हात जोडून बसल्या. शालूबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.