बारातघर आणि माझी हिंदी

लोकांना वाटतं, सरकारी ऑफिसात नुसत्या फायली साठतात. फायलींचं एक बरं असतं, त्या कधी ना कधी पुढच्या टेबलावर जातात. किस्से कुठेच जात नाहीत! परवा लखनऊच्या मानक नगरला आमच्या क्वार्टरमध्ये चार मराठी कुटुंबं जेवायला जमली होती. मी एक किस्सा सांगायला लागले, त्याला दुसरा चिकटला, आणि पोळ्या गार झाल्या तरी कुणी उठेना. म्हटलं, लिहूनच काढते यार. (हे 'यार' बघा. वाशीममध्ये असताना माझ्या तोंडात हा शब्द नव्हता.)

तर मी वाशीमची. नवरा रेल्वेत इंजिनिअर, त्याची बदली लखनऊला झाली तशी मीही डेप्युटेशन मागून घेतलं. ऑफिस हजरतगंजच्या मागच्या गल्लीत. काम काय, तर आसपासच्या गावांना सार्वजनिक कामांसाठी अनुदान द्यायचं. कुठे वाचनालय, कुठे ओपन जिम, कुठे बारातघर. बारातघर म्हणजे आपलं गावचं मंगल कार्यालय. रुजू होताना विचारलं, "हिंदी आती है?" मी म्हणाले, "फर्स्टक्लास!"

मराठी माणसाला हिंदी येतेच, अशी आपली एक समजूत असते. ती लखनऊला येईपर्यंत टिकते.

* * *

पहिलंच गाव वाट्याला आलं ते भांडकुदळ. पूरब टोला आणि पच्छिम टोला अशा दोन वस्त्या, आणि बारातघर कुठल्या टोल्यात बांधायचं यावरून दोघांत बोलचाल बंद. तोवर मुलींची लग्नं शेतात ताडपत्री ताणून लागायची. मागच्या हिवाळ्यात एका लग्नात वारा सुटला, ताडपत्री उडून नवरदेवाच्या घोडीच्या डोळ्यांवर बसली, आणि घोडी नवरदेवासकट शेजारच्या गावात जाऊन पोचली! वरमाला घेऊन मुलगी ट्रॅक्टरवरून मागे गेली.

हे ऐकून मी हसले खरी, पण त्या मुलीच्या आईचं तोंड पाहून मला वाईटही वाटलं. मार्चअखेरपर्यंत जागा ठरली नाही तर अनुदान परत जाणार होतं. मी मनाशी ठरवलं, हे बारातघर करायचंच.

चौपालावर, म्हणजे गावच्या चावडीवर, सगळे जमले. मला विचारायचं होतं, काही तक्रार आहे का. म्हणून मी सभ्यपणे विचारलं, "किसी को कोई तकरार है?"

दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग एक म्हातारे काठी टेकत उठले. "तकरार? बहुत है मैडम!" म्हणाले, आणि समोरच्याच्या गळ्यातला गमछाच धरला. हां हां म्हणता सगळं चौपाल उठलं. हिंदीत तकरार म्हणजे भांडण, हे मला जीपकडे पळताना ड्रायव्हरने सांगितलं.

जीप सुरू झाली तेव्हा तेच म्हातारे कौतुकाने म्हणत होते, "पहली अफसर हैं जो पूछ के लड़वाती हैं!"

* * *

त्याच गावात दुसऱ्या खेपेला एक मिशीवाले गृहस्थ पुढे आले. "नमस्कार मैडम, हम प्रधानपति."

प्रधान म्हणजे सरपंच, एवढं मला माहीत होतं. पण प्रधानपती? राष्ट्रपती, सभापती, तसं हे प्रधानाच्याही वरचं काहीतरी पद असणार! मी उठून उभी राहिले, त्यांना मधली खुर्ची दिली, आणि अदबीने विचारलं, "आपका कार्यकाल कब तक है?"

गृहस्थ गोंधळले. मागून डोक्यावरचा पदर सारखा करत एक बाई आल्या, खुर्चीचा ताबा घेतला आणि म्हणाल्या, "परधान हम हन, सुखरानी देवी. ई खाली पति हैं. इनका कार्यकाल जब तक हम चाहब!"

तेव्हापासून सुखरानी अम्मा आणि मी, आमचं फार जमतं.

* * *

आमचे बॉस श्रीवास्तव साहेब अस्सल लखनवी. नाही म्हणायचं असलं तरी आधी चहा मागवतात. बारातघराची फाइल मी त्यांच्यापुढे ठेवली. "सर, इस पर सही चाहिए."

साहेबांनी फाइल नीट वाचली. "सही है," म्हणाले आणि परत दिली. बघते तर सही नाही!

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "सर, सही?" "बिल्कुल सही." पुन्हा कोरी! मला वाटलं, साहेब टाळतायत. लखनवी नकार बहुतेक असाच असणार. शेवटी मी रडकुंडीला आले. "सर, सही कर दीजिए ना!"

साहेबांनी चष्मा काढला. तेही रडकुंडीला आले होते. "मैडम, इसमें गलत क्या है, पहले वह तो बताइए!"

* * *

या संकटातून मला गजभिये सरांनी सोडवलं. "मॅडम, 'दस्तखत' म्हणा," एवढं बोलून त्यांनी डबा उघडला. गजभिये सर आमचे सेक्शन ऑफिसर, मूळचे भंडाऱ्याचे, पण लखनऊला येऊन केस पिकलेले. मुलगी बापाचं सगळं मराठी समजून घेते आणि उत्तर हिंदीत देते. ते स्वतःही घरी फोन करतात तेव्हा "अच्छा, मी सब्जी घेऊन येऊन राहिलो" असं बोलतात.

त्यांचा एक नियम आहे. "मॅडम, जो हिंदी शब्द कळत नाही तो काही करत नाही. जो आपल्याला कळला असं वाटते, त्याच्यापासून चार हात दूर राहा!"

हा नियम त्यांना महागात पडून कळला होता. नोकरीच्या सुरुवातीला एका गावाच्या शाळेच्या मोठ्या बाई वाचनालयाचं काम घेऊन आल्या. गजभिये सरांनी भंडाऱ्याच्या शाळेतल्या सवयीने हात जोडले, आदराने म्हणाले, "आइए आइए, बाई जी!"

लखनऊमध्ये 'बाई जी' म्हणजे कोठ्यावर गाणारी. मुख्याध्यापिकेने जी छत्री उगारली, तिचा व्रण सर अजून दाखवतात.

"त्या दिवसापासून मी सगळ्यांना मॅडम म्हणतो," ते म्हणाले. "बायकोलाही!"

* * *

एका गावाला आम्ही ओपन जिम दिली होती. बघायला गेलो तर सायकलच्या दांड्याला एक म्हैस बांधलेली, आणि छाती वाढवायच्या यंत्रावर गोवऱ्या वाळत घातलेल्या. श्रीवास्तव साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. त्यांना रागावणं जमत नाही, सवयच नाही.

"प्रधान जी," ते शेवटी म्हणाले, "इस जिम से किसी को फायदा हुआ?"

"हुआ साहब!" प्रधानांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "दूध बढ़ गया!"

* * *

आता बारातघराचं. मार्च संपत आला तरी टोले हटेनात. साहेब हळहळत म्हणाले, अनुदान परत पाठवायची तयारी करा. मला घास गोड लागेना. अशात एका सकाळी सुखरानी अम्मांचा फोन आला. मागे प्रचंड गोंगाट. त्या ओरडल्या, "मैडम, राजीनामा होइ गवा!" आणि फोन कट.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. अम्मांनी राजीनामा दिला! म्हणजे प्रधान गेली, बारातघर गेलं, सगळं गेलं! गजभिये सर नेमके रजेवर. मी तशीच जीप काढून गावात पोचले.

चौपालावर दोन्ही टोले एका सतरंजीवर बसून लाडू खात होते. निरोप समारंभ! माझे डोळेच भरून आले. मी अम्मांचे दोन्ही हात धरले. "अम्मा, मैं हाथ जोड़ती हूँ, राजीनामा वापस लीजिए!"

लाडू तोंडातच थांबले. "काहे?" अम्मा म्हणाल्या.

"गाँव का नुकसान होगा!"

"बड़ी मुश्किल से हुआ है मैडम!" पूरब टोल्याचे म्हातारे उठले.

"होने ही नहीं देना चाहिए था!" मी म्हणाले.

मग काय! ज्यांनी एकमेकांचे गमछे धरले होते, तेच खांद्याला खांदा लावून उभे राहिले. "राजीनामा वापस नहीं होगा! नहीं होगा!" बायका येऊन जीपपुढे बसल्या. मी घाबरून गजभिये सरांना फोन लावला. सगळं ऐकून ते इतकं हसले की त्यांना ठसका लागला.

"अहो मॅडम, इकडे राजीनामा म्हणजे समझोता! भांडण मिटलं त्यांचं! आता तोंड उघडायचंच असेल तर लाडू खायला उघडा."

बारातघर दोन टोल्यांच्या बरोबर शिवेवर बांधायचं ठरलं होतं, दोन्हीकडे एकेक दार काढून. मी लाडू खाल्ला. अम्मा माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "मैडम, रोज आवा करो. तुमरे डर से दूनौ टोला एक हैं!"

* * *

बारातघर झालं. उद्घाटनाला आई वाशीमहून आली होती. माझी सरकारी नोकरी म्हणजे आईचा जीव की प्राण. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही ती पहिल्या स्टॉपच्या आत सांगून टाकते. तिला पहिल्या रांगेत बसवलं. म्हटलं, "आई, भाषणं हिंदीत आहेत, कळेल ना?"

"फर्स्टक्लास!" आई म्हणाली.

फीत कापून झाली. नव्या भिंतींना चुन्याचा वास येत होता, दोन्ही दारांना झेंडूच्या माळा. मला फार फार बरं वाटत होतं. सुखरानी अम्मांनी माइक घेतला, माझ्याकडे बोट केलं आणि अभिमानाने म्हणाल्या, "भाइयों-बहनों! ई राजीनामा हमरी मैडम की वजह से हुआ है!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट!

आई ताडकन उठली. "अवं पोरी! नोकरी सोडली तुनं? अन् हे लोक टाया वाजवून राह्यले?"

मी "आई, आई" म्हणेपर्यंत ती स्टेजवर पोचली होती. तिने माइकसकट अम्मांचा हात धरला. "ओ परधान बाई जी! मेरी पोरी का राजीनामा वापस करो!"

गजभिये सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दोन्ही दारांतून दोन्ही टोले आत घुसले. "वापस नहीं होगा! नहीं होगा!"

त्या गदारोळात श्रीवास्तव साहेब माझ्याकडे वाकले आणि अगदी अदबीने म्हणाले, "माताजी हैं न आपकी? हम पहचान गए."