साडूंच्या व्हॅनमधली दुसरी बॅटरी

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी जमते ना, तसे आमच्या टोळीचे किस्से जमलेत. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, आणि पुसले तरी थोड्या दिवसांत पुन्हा हजर!

टोळी म्हणजे तीन गाड्या. एक माझी. माझं कळंबला बी-बियाणांचं दुकान आहे. दुसरी विलासरावांची. ते माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, धाराशिवला नोकरीला. तिसरी आमच्या निवृत्त गुरुजींची जीप. सुट्टी जुळली की सगळे सहकुटुंब निघतो. एखादा किल्ला नाहीतर तलाव गाठायचा, तिथंच चूल मांडायची, तिथंच मुक्काम.

यातले निम्मे किस्से माझ्यावर आहेत आणि ते विलासराव फार रंगवून सांगतात. म्हटलं, त्याआधी आपणच सांगून टाकावेत.

* * *

सुरुवात परंड्याला झाली. ऐन उन्हाळा, किल्ला बघून सगळे घामाघूम. विलासरावांनी व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि छोट्या फ्रिजमधून गारेगार ताक काढलं. इंजिन बंद, तरी फ्रिज चालू, पंखाही चालू! सीटखाली त्यांनी दुसरी बॅटरी बसवली होती.

आमची ही ताकाचा पेला गालाला लावून म्हणाली, "दाजींनी किती इचार केलाय बगा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या विचारांबद्दल ती कधी असं बोललेली नाही. येताना ती बहिणीशेजारी व्हॅनमध्ये बसली, पंख्याखाली. माझ्या शेजारच्या सीटवर पाण्याचा जार आला.

मी जळलो. सरळ सांगतो, आतून बाहेरून जळलो. ही परत माझ्या गाडीत बसली पाहिजे, एवढं एकच तेव्हापासून माझ्या डोक्यात.

* * *

दुसऱ्याच दिवशी बॅटरीचं दुकान गाठलं. दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात दणकट असेल ती दे. कशाला पाहिजे, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, ते तुला काय करायचंय? त्यानं ट्रकची बॅटरी दिली. ती उचलायला दोघे लागले, तेव्हा मला फार बरं वाटलं. विलासरावांची एका हातात येत होती.

चार सहलींत ती मेली. मग विलासरावांनी मला शांतपणे समजावलं. गाडी सुरू करायची बॅटरी वेगळी, ती एका झटक्यात जोर लावते आणि मोकळी होते. पंखा, फ्रिज तासन्‌तास चालवायला डीप सायकल लागते. ती हळूहळू रिकामी होते, पुन्हा भरते, आणि त्यानं तिचं काही बिघडत नाही.

एवढं सगळं सांगून ते म्हणाले, "पण साडूभाऊ, आता बॅटरी घेतलीच हाय, तर ट्रक बी घेऊन टाका."

हे त्यांनी बायकांसमोर म्हणायला नको होतं.

* * *

गुरुजींची तऱ्हा न्यारी. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी रात्रभर दिवे चालवते, मग जीपमध्ये का चालणार नाही, असा त्यांचा हिशोब. उचलली आणि मागच्या सीटपाशी ठेवली. हिशोब तसा बरोबर होता, पण ती पाण्याची बॅटरी. येडशीच्या घाटात वळणावळणावर तिनं आतलं ॲसिडचं पाणी बाहेर काढलं. त्याच पाण्यात गुरुजी मांडी घालून जेवले. पुढच्या धुण्यात त्यांच्या पँटची चाळणी झाली.

त्याच वेळी इकडे गल्लीतली लाइट गेलेली. सगळ्यांच्या घरात उजेड, गुरुजींच्या घरात अंधार. शेजारीण चौकशीला आली, तर त्या खेपेला घरीच राहिलेल्या त्यांच्या बायकोचा, काकूंचा आतून आवाज आला, "बॅटरी फिरायला गेलीय. गुरुजींना संगं घेऊन."

* * *

मग मी खरी डीप सायकल बॅटरी आणली, साडूंच्या बॅटरीपेक्षा मोठी. चार्जिंगसाठी विलासरावांनी दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये एक आयसोलेटर लावलाय. म्हणजे गाडी बंद झाली की दोन्ही बॅटऱ्या आपोआप वेगळ्या होतात. ते मला दिसत होतं, पण साडूंचं बघून करायचं म्हणजे झालंच! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या इंडिकेटरची उरलेली बारीक वायर होती. तीच घेऊन दोन्ही बॅटऱ्या मी थेट जोडून टाकल्या.

नळदुर्गला मुक्काम होता. सकाळी बघतो तर पंख्यानं दोन्ही बॅटऱ्या पिऊन टाकलेल्या. किल्ली फिरवली तर नुसतं टक्‌. शेवटी विलासरावांनी व्हॅन जवळ आणून जंपर केबल लावली आणि गाडी सुरू करून दिली. ही दात घासत बघत उभी होती.

साडूंच्या त्या केबलीसुद्धा जाड होत्या हो!

* * *

यावर उपाय म्हणून टपावर सोलर पॅनल बसवलं. साडूंच्या व्हॅनवर आहे त्याच्या दुप्पट! आठवडाभर चार्जिंग शून्य. कारण मी गाडी लिंबाखाली लावत होतो. आपल्याकडच्या उन्हात गाडी सावलीला लावायची, हे हाताला इतकं बसलंय की पॅनलसाठी ती उन्हात उभी करायची हे सुचलंच नाही.

मग ती अंगणात उन्हात लावली. तरी चार्जिंग नाही. शिडी लावून वर चढलो, तर पॅनलभर कुरडया! हिनं घातलेल्या. काळ्या काचेवर लवकर वाळतात म्हणाली, आणि खरोखर कडक वाळल्या होत्या. त्यातला एक डबा धाराशिवला बहिणीकडेही गेला.

संध्याकाळी साडूंचा फोन आला. "साडूभाऊ, तुमच्या पॅनलचं उत्पादन लई चवदार हाय."

* * *

शेवटी जिद्दीनं लिथियम बॅटरी घेतली. तिला नियमाप्रमाणे गाडी चालताना भरणारा डीसी चार्जर लावला, जाड वायर टाकली आणि वर मीटर बसवलं. किती टक्के चार्ज आहे ते मीटरवर दिसतं. विलासरावांकडेही तसंच मीटर आहे.

रामलिंगला गेलो. दर्शन झालं, दुपार तापली, वारा अगदी पडलेला. मी मीटर बघितलं. शंभर! व्हॅनपाशी जाऊन साडूंचं बघितलं. एकसष्ट! मला इतका आनंद झाला की काही विचारू नका. म्हटलं, आज हे शंभर हलू द्यायचं नाही. पंखा लावला नाही, फ्रिज लावला नाही, मोबाइलसुद्धा जोडला नाही.

बाकी सगळी मंडळी साडूंच्या व्हॅनभोवती. तिथं पंखा फिरतोय, ताक चाललंय, सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला, आमच्या हिचासुद्धा. मी एकटाच आपल्या गाडीत दार उघडं टाकून बसलेलो, बॅटरीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यानं वारा घेत. थोड्या थोड्या वेळानं ओरडून विचारायचो, "इलासराव, किती राहिली?" चव्वेचाळीस. एकतीस. अठरा. मला घाम फुटला होता, पण आत गारगार वाटत होतं.

शेवटी व्हॅनमधला पंखा थांबला. आमची ही उठली आणि सरळ माझ्याकडे चालत आली. कितीतरी दिवसांनी माझ्या गाडीकडे. दारात उभी राहिली, मीटर बघितलं, बंद पंखा बघितला. मग नीट हसून म्हणाली, "दाजींची संपली. मी हितं तुमच्यापाशी बसू का? जरा पंखा लावा की."

मी मीटरकडे बघितलं आणि म्हणालो, "मग नव्याण्णव व्हईल की."