अण्णांचा पालथा हात

विजेवर चालणाऱ्या वस्तूंवर एकाच वेळी इतकं प्रेम आणि इतका अविश्वास असणारा माणूस बिदर-गुलबर्गा या दोन जिल्ह्यांत दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर त्याची-आमची भेट न होवो, कारण एकानेच आमच्या घराण्याला पुरेसं दमवलं आहे. हे आमच्या मावशीचे यजमान. नात्याने माझे काका, पण हुमनाबादेत लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. बसस्टँडच्या मागे त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटरी तिथं यायच्या. अण्णा त्यांतली काळी पडलेली तांब्याची तार ओढून काढायचे, नवी गुंडाळायचे, वर वार्निश पाजायचे आणि मोटरीला परत पाणी ओढायला धाडायचे. मी बिदरला नौबादच्या शाळेत शिकवतो, त्यामुळं भाचा असूनही मला ते मास्तर म्हणतात.

लोकांच्या खिशाला पेन असतं, अण्णांच्या खिशाला टेस्टर. लग्नात सगळे नवरीकडं बघतात, हे मांडवाच्या वायरी बघतात. आळंदला आमच्या एका भाच्याचं लग्न होतं. अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या, आणि अण्णांना मुख्य वायरीचा एक जोड उघडा दिसला. त्यांनी सरळ मेन स्विच खाली ओढला. लाउडस्पीकर गप, दिवे गप. अण्णा स्टुलावर उभे राहून टेप गुंडाळताहेत आणि खाली भटजी नुसत्या आवाजावर एक जादा मंगलाष्टक म्हणून वेळ मारून नेताहेत. माझे वडील टायफॉइडने दवाखान्यात होते, तेव्हा हे भेटायला आले, खाटेशेजारी बसले, पाच मिनिटं छताकडं बघत राहिले आणि म्हणाले की हा पंखा काही दिवसांचा सोबती आहे. दुसऱ्या दिवशी कपॅसिटर घेऊन आले आणि पंखा बरा करून गेले. वडिलांची तब्येत कशी आहे हे त्यांनी विचारलं, पण जाता जाता, जिन्यावर, मला.

कुणाच्या घरी गेले की पाणी प्यायच्या आधी ते फ्रीजपाशी जाणार आणि त्याच्या कुशीला पालथा हात लावणार. पालथाच का, तर त्यालाही शास्त्र आहे. तळहात लावला आणि आत करंट असला तर मूठ आवळते, माणूस चिकटतो. पालथा हात झटका बसताच मागं येतो. त्या पालथ्या हातावर त्यांचा इतका भरवसा की मीटर-बिटर ते नुसतं गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावायचे. मोटर किती तापली हे हात सांगायचा, आणि त्यांचा सिद्धांत एकच होता. गरम व्हायलंय म्हणजे जळायलंय. अण्णांच्या उमेदीच्या वर्षांत आमच्या भागात मिक्सर आले, रंगीत टीव्ही आले, मोबाइल आले, आणि यांतलं काहीही घ्यायचं झालं की लोक अण्णांना सोबत नेत. दुबलगुंडीच्या एका शेतकऱ्याला फ्रीज घ्यायचा होता, तर अण्णांनी दुकानातले सहा फ्रीज एकदम चालू करायला लावून प्रत्येकाला हात लावत दुपार काढली. त्या दुकानदाराला मी नंतर भेटलो, तो अजून त्या दुपारीबद्दल बोलतो.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीला लॅपटॉप घ्यायची वेळ आली. रेणुका गुलबर्ग्याला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. आमच्या दोन्ही घरांत एवढं शिकलेलं कुणी नाही. तिला वर्षअखेर एक अख्खी इमारत कॉम्प्युटरवर उभी करून दाखवायची होती. नुसतं चित्र नव्हे, परीक्षकांनी म्हटलं की ती इमारत चारी बाजूंनी फिरली पाहिजे. त्यासाठी लॅपटॉपमध्ये चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, असं तिनं कागदावर लिहून दिलं होतं. ते जमलं नाही तर वर्ष वाया. मी शाळेत कॉम्प्युटरचा तास घेतो, एवढ्या भांडवलावर अण्णांनी मला तज्ज्ञ म्हणून सोबत घेतलं आणि आमच्या गुलबर्ग्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. गुरुवारी अण्णांचं दुकान बंद, म्हणून दर गुरुवारी. माझ्या किरकोळ रजा कुठं गेल्या हे हेडमास्तरांना अजून कळलेलं नाही.

मी बसमध्ये त्यांना समजावलं की काही लॅपटॉपमध्ये चित्रं फिरवायला वेगळं कार्ड असतं, त्याची मेमरी स्वतःची असते; काहींत वेगळं काही नसतं, सगळं एकाच मेमरीत वाटून चालतं. अण्णांनी दोन मिनिटांत ते माझ्यापेक्षा नीट समजून घेतलं. एका डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, तीस मोटरी जोडल्या की व्होल्टेज पडतं आणि सगळ्याच कण्हायला लागतात, हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. दुकानात शिरताच त्यांनी काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "इसका डीपी अलग है क्या, भई?" तो बिचारा माझ्याकडं बघायला लागला. मी भाषांतर केलं. वेगळ्या कार्डाचा एक लॅपटॉप त्याने काढला, त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावून दिला, आणि अण्णांनी आपला पालथा हात त्याच्या पोटाखाली सरकवला.

इथंच सगळं अडलं. वेगळं कार्ड असलेला प्रत्येक लॅपटॉप तापायचा. अर्ध्या तासात पंखा घोंघावायचा, बाजूच्या जाळीतून गरम वारा यायचा, आणि अण्णांचा चेहरा पडायचा. शेजारीच बिनकार्डाचा ठेवलेला असायचा, गार, शांत, घरंदाज. डीपी वेगळा हवा की मशीन गार हवं, या दोन सत्यांच्या मध्ये तो माणूस पाच गुरुवार लोंबकळत राहिला. मी दर वेळी सांगायचो की अण्णा, रेणुकानं लिहून दिलंय, कार्डवालाच घ्या. ते मान हलवायचे, परत हात लावायचे आणि म्हणायचे, "पोरीच्या मांडीवर ठिवायचं हाय हे, मास्तर." मग आम्ही परतीची बस धरायचो. दुकानदार आम्हाला लांबून बघितलं की फोन कानाला लावायचे.

सहाव्या गुरुवारी मला परीक्षेची ड्यूटी लागली. अण्णा एकटेच गेले आणि लॅपटॉप घेऊन परस्पर होस्टेलवर देऊन आले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, आवाजात लग्न ठरल्यासारखा आनंद. दोन तास चालवून बघितला म्हणे, रांजणावाणी गार. मी काय समजायचं ते समजलो. पण रेणुकाला फोन केला तर ती म्हणाली, छान आहे दादा, चाललंय काम. मग मी कशाला लुडबुड करू? हा माझा नाकर्तेपणाच, दुसरं काही नाही. खरं विचारायचं टाळलं मी.

दोन महिन्यांनी आम्ही दोघं तिला भेटायला गेलो, सोबत मावशीने दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. मुलींच्या होस्टेलात पाहुण्यांसाठी खाली एक खोली असते, तिथं बसलो. अण्णांनी बसल्या बसल्या लॅपटॉपची तब्येत विचारली. सकाळपासून त्यावरच काम करायलेय, असं म्हणून ती तो घेऊन खाली आली. अण्णांनी तो उपडा करून मांडीवर घेतला आणि पालथा हात लावला. मला वाटलं, आता खूश होतील. हात तिथंच राहिला. मग त्यांनी हात दुसऱ्या कोपऱ्याला लावला, मग तिसऱ्या. रेणुका माझ्याकडं बघत होती.

"सकाळपास्नं चालू हाय म्हणलीस."

"व्हय."

"हे चालू न्हवतं, पोरी. गार म्हणलं तरी चालू मशीन जरा कोमट लागतंय." त्यांचा आवाज अगदी हळू होता. "कामून चालवना झालीस?"

ती रडू आवरत म्हणाली, "अण्णा, ह्याच्यावर इमारत फिरत न्हाई. अडकती. तुमी एवढं बघून बघून आणलाव, कसं सांगू तुमाला?"

मग सगळं बाहेर आलं. ती कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लावून काम करत होती. चाळीस मुलं आणि चार चांगली मशीनं. पहिल्या तपासणीत सरांनी तिची इमारत परत पाठवली होती, कारण फक्त समोरची बाजू पुरी झाली होती. शेवटची तपासणी तीन आठवड्यांवर होती. आणि हे सगळं तिने बापाला वाईट वाटू नये म्हणून दाबून ठेवलं होतं. मला त्या पोरीचा राग आला आणि तिच्यापेक्षा माझा स्वतःचा जास्त आला.

होस्टेलच्या फाटकाबाहेर आलो आणि अण्णा कठड्यावर बसले. मी पाण्याची बाटली दिली, ती तशीच हातात धरून म्हणाले, "तीस वरसं मी जळालेल्याच मोटरी बघितल्यात, मास्तर. धड चालणारी मोटर माझ्याकडं कोण घिऊन येईल? चालणारी किती तापती, ते मला ठावंच न्हाई." हसावं की काय करावं मला कळेना. ज्या माणसाच्या हातावर आख्ख्या तालुक्याचा भरवसा, तो असं बोलत होता.

मग ते उठले आणि आम्ही सरळ लॅपटॉपच्या दुकानात गेलो. वर्कशॉपसाठी नवं वाइंडिंग मशीन घ्यायचं दोन वर्षांपासून ठरत होतं, त्याचे पैसे त्या दिवशी इथं गेले आणि ते राहिलं ते राहिलंच. निघताना रेणुकाला होस्टेलातून बोलावून सोबत घेतलं होतं. तिने तिच्या पेनड्राइव्हमधली अर्धी इमारत उघडली आणि फिरवली. भिंती फिरल्या, जिना फिरला, सावल्यासुद्धा फिरल्या. पंखा घोंघावला. अण्णांनी पालथा हात लावला, आणि मी बघत होतो, चटका बसावा इतकं ते मशीन तापलं, तरी त्यांनी हात काढला नाही. "असू दे," म्हणाले, "काम करायलंय ते." दुकानदाराने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आम्हाला चहा मागवला.

रेणुकाची इमारत परीक्षकांनी चारदा फिरवून बघितली आणि ती चांगल्या मार्कांनी पास झाली. वर्षभरात बेंगळूरला नोकरी लागली. तापणारं मशीन तिच्याबरोबर गेलं, गार मशीन हुमनाबादला आलं. ते आता अण्णांच्या दुकानात टेबलावर, वार्निशच्या डब्यांच्या शेजारी असतं. ती काढते त्या घरांची चित्रं मेलवर पाठवते, आणि ती कशी उघडायची हे मी त्यांना शिकवलं आहे. दुकानात कामही आता पूर्वीएवढं नाही. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा ते असंच एक घर उघडून समोर बसले होते. पुढं ओसरी, दोन खांब, वर गच्ची. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

"समोरून झकास हाय," ते म्हणाले. "पाठीमागून कसं असंल? ह्याच्यात फिरत न्हाई."

मी म्हटलं, रेणुका आली की तिच्या मशीनवर फिरवून दाखवील.

"व्हय," ते म्हणाले, "पर कवा यायलीय ती? तुला काय बोलली का?"

मलाही काही बोलली नव्हती. मी म्हटलं, दिवाळीला येईल बहुतेक. त्यांनी मान हलवली, आणि आम्ही दोघं बराच वेळ त्या घराची समोरची बाजू बघत बसलो.