गळ्यातला पडदा

भाकरी गळ्यात अडकते, हे मी सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या ताटात थोडा रस्सा ओतला. म्हणाल्या, "कोरडी खाल्लीस तर अडकंलच गो."

माझं माहेर शहापूर तालुक्यात, तानसाच्या बाजूला. लग्न करून मी मुरबाडकडे, वैशाखऱ्याच्या पुढे आले. सासरी घरातल्या सगळ्यांचं उरकल्यावर मी आणि सासूबाई जेवायला बसायचो, आणि त्याही माझ्याआधी उठायच्या. त्यामुळे मी एक घास किती वेळ चावते, त्यावर किती पाणी पिते, हे कोणाला दिसत नव्हतं. दिसलं ते एवढंच, की मी ताटात टाकते.

"माहेरी काय रोज पुरणपोळी होती काय?" सासूबाई विचारायच्या. नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचा, "खा ना गुपचूप."

त्या पावसात आवणीला, भाताची रोपं लावायला, मी शेतावर होते. दुपारी बांधावर बसून भाकरी खाताना घास असा अडकला की खालीही जाईना, वरही येईना. कडेला जाऊन मी तो कसाबसा काढला. डोळ्यांतून पाणी आलं होतं, चक्करही आली. सोबतच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती.

त्या संध्याकाळी मला सगळ्यांच्या आधी ताट वाढलं. गरम भात, अंडं, वर तुपाचा चमचा. सासूबाई समोर बसून म्हणाल्या, "सावकाश खा." मी म्हटलं, "आई, तसं काय नाय. घास अडकला होता." त्यांना ते लाजणं वाटलं.

दोन दिवसांनी मला पाळी आली, मी बाजूला बसले आणि माझं ताट पुन्हा शेवटी गेलं. त्यानंतर त्या जे बोलू लागल्या ते इथे लिहीत नाही. मी फसवलं, असा त्याचा अर्थ होता. नवऱ्याने मुरबाडला एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. परतताना गाडीवर तो म्हणाला, "टेन्शन घेतेस, म्हणून होतं. उगाच डोक्यात नको धरू."

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा मी चहात भाकरी भिजवून, तिचा लगदा करून खाताना आईने पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती मला शहापूरला घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरांनी माझी जीभ पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली. मधे खोलगट झाली होती ती.

"पाणी जातं?"

"जातं."

"भात?"

"मऊ असला तर."

"भाकरी कुठे अडकते, बोट ठेवून दाखवा."

मी गळ्यावर बोट ठेवलं. एवढं सविस्तर मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि कल्याणला बेरियमचा फोटो काढायला. वडिलांनी फोन केला म्हणून नवरा कल्याणला आला.

खोलीत मला उभ्या फळीला टेकवून उभं केलं. हातात पांढऱ्या, खडूसारख्या घट्ट औषधाचा ग्लास. "मोठा घोट तोंडात धरा. सांगितलं की गिळा." मी गिळलं. पुन्हा तसंच, मग तिरकं वळून. मशीन खटखटत होतं. फोटो काढणाऱ्या डॉक्टरांनी नंतर नवऱ्याला आत बोलावून स्क्रीनवर दाखवलं. माझ्या गळ्यात पांढरा घोट उतरत होता आणि एका जागी, जिथे मी बोट ठेवलं होतं तिथेच, बारीक होऊन धारेसारखा खाली पडत होता.

"अन्ननलिकेत पातळ पडदा आलाय. जागा अरुंद झालीय," ते म्हणाले. "रक्त फार कमी असलं की बायकांना होतं असं. घास अडकणारच."

नवऱ्याने वाकून स्क्रीन पाहिली. बाहेर आल्यावर म्हणाला, "एवढं होतं तर आधी सांगायचंस ना."

मी पिशवी उचलून चालू लागले. बोलले असते तर रस्त्यातच बोलले असते, आणि थांबले नसते.

दुर्बीण घालून ती जागा रुंद केली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. नवऱ्याने एक्स-रेच्या फिल्मचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मला नखरेल म्हणणाऱ्या नणंदेने खाली हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आल्यागेल्याला सासूबाई ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवायच्या. "आमच्या सुनेची नळी बारीक. आमीच कल्याणला नेली म्हणून वाचली." मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी असायचे.

पहिल्यांदा सरळ भाकरी गिळली तेव्हा आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. राग आला, आणि तो नेमका कोणावर, ते ठरवता येईना.

पुढे गोळ्या बंद झाल्या. "अंगात उष्णता होते त्यानं," असं म्हणून सासूबाईंनी आणायला लावल्याच नाहीत. वर्षभराने घास पुन्हा अडकू लागला. मी नवऱ्याला सांगितलं.

"परत फोटो काढून बघू," तो म्हणाला. "खरंच अडकत असलं तर दिसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच निघाले आणि शहापूरच्या डॉक्टरांकडे गेले. घरी कोणाला विचारलं नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा पिशवीत माझ्या गोळ्या होत्या. जेवायची वेळ झाली तशी मी स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांच्या आधी बसले. सासूबाई बघत राहिल्या. मी सावकाश चावत होते.