मोहाखालची झाडलेली जागा

"हाई कोनं शे?"

हे कोणाचं? कशालाही हात लावण्याआधी बाजी हेच विचारायची. कुंपणाबाहेर पडलेली शेवग्याची शेंग मी उचलून आणली, तरी तोच प्रश्न. "रस्त्यावरची आहे," म्हटलं की हसायची. "रस्ताले शेंगा लागतस का, मावशी?"

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. सोबत असतं तेव्हा त्याचा जरा जाच वाटतो.

नंदुरबारला मी बाजीच्या घरी स्वयंपाक करायचे. ती खोलीत बसून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. भाऊ तिला डायलिसिसला सुरतेला न्यायचा.

माझ्या मुलीला सिकलसेल, रक्ताचा पिढीजात आजार आहे. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी ते वाचलं आणि तिची सोयरीक मोडली. त्या दिवशी माझ्या भाकऱ्या करपल्या. बाजीने खोदून विचारलं. मग त्या दवाखान्यासाठी ती कॉम्प्युटरचं कुलूप लिहायला बसली. नाव, आजार, सगळी अक्षरं अशी कालवून टाकायची, की फक्त डॉक्टरला वाचता यावीत.

कुलूप तयार झालं आणि ती म्हणाली, "लावता येत नही."

कालवायची रीत दुसऱ्या कोणाची होती. शिकायला फुकट, कामाला लावायची तर मालकाची परवानगी. घाईत तिने या एकाच वेळी आधी विचारलं नव्हतं, आणि आता मालकाचं उत्तर येईना.

भाऊ चिडला, न विचारताच लाव म्हणाला. "आठे कोन देखाले ई ऱ्हायना? तुन्हा जीव देख पहिले!"

बाजीने माझ्याकडे पाहिलं. मी कसंबसं म्हटलं, "आमच्या डोंगरात मोहाच्या झाडाखालचा पाला फुलं वेचायला झाडलेला दिसला, की ते झाड कोणाचं तरी असतं. फुलं सडली तरी आम्ही उचलत नाही."

"आनि पाला तसाच व्हई तं?"

"मग कोणीही वेचावं."

"मंग तसंच झाड धुंडस मी."

तिने सगळं उपसून काढलं. करणाऱ्याने सगळ्यांसाठी मोकळी सोडलेली रीत शोधली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागली. सुरतेहून यायची तेव्हा हात सुजलेला असायचा. "बाजी, राहू दे," मी म्हणायचे.

"तुन्ही पोरनं नाव उघडं शे ना अजून."

कुलूप लागलं. मोह फुलायच्या आत बाजी गेली.

परवा दवाखान्यातला लिहिणारा म्हणाला, "मावशी, आते मलेबी काही दिसत नही." मी मान हलवून बाहेर आले.

यंदा गावी गेले, तेव्हा एका मोहाखाली पाला तसाच होता. त्यावर फुलं पडलेली. मी वाकले आणि हात थांबला. मागून कोणी "हाई कोनं शे?" विचारील म्हणून तशीच वाट पाहत राहिले.