गुरवाची दाढ आणि भैरोबाचा कौल

गुरवाचं तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं, आणि तेवढ्या फटीतून तो मला सांगत होता, "दाढ काढायची न्हाई, बाई. द्येव परीक्षा बघतोय."

माले गावात भैरोबाच्या देवळाला लागून त्याचं घर. त्याच्या ओसरीवर मी बॅग उघडून बसले होते. समोर सखाराम गुरव, उजवा गाल सुजून टम्म. शेजारी त्याची बायको हौसाबाई, हातात मिठाची गरम पुरचुंडी. आणि अंगणात निम्मं गाव. सखारामची सूज बघायला थोडे, आणि बाई माणूस दात कसा उपटते ते बघायला बाकीचे.

ही सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. पुण्यात दातांच्या एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे मी नोकरीला होते. त्यांनी पौडला एक खोली भाड्याने घेतली होती आणि आठवड्यातून एकदा ते मला एस.टी.ने तिथे धाडत. पहिल्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं, "दात काढा, देव काढू नका. पेशंटच्या देवाशी भांडलात तर देव जिंकतो आणि पेशंट जातो."

"आणि पेशंटच देव मध्ये घेऊन आला तर?" मी विचारलं.

"तर तुमची अक्कल चालवा. पगार कशाचा देतो?"

त्या दिवशी पौडच्या खोलीवर सखारामचा चुलतभाऊ धोंडिबा बैलगाडी घेऊन हजर झाला. हौसाबाईनं पाठवलं होतं. सखाराम स्वतः यायला तयार नव्हता, म्हणून डॉक्टरच उचलून आणायचा बेत होता.

दुखणं साधंच होतं, पण हाताबाहेर चाललेलं. खालची शेवटची दाढ किडली की मुळाशी पू साठतो. पू वाट शोधतो. बहुतेक वेळा हिरडी फोडून बाहेर येतो, माणूस थुंकतो आणि कामाला लागतो. सखारामचा पू खाली उतरत होता. जबड्याखालचा भाग लाकडासारखा टणक लागत होता, जीभ वर उचलली गेली होती, लाळ गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी येत होतं. ही सूज घशाशी पोचली की श्वास कोंडतो. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "आज दाढ निघाली नाही तर दाढ राहील आणि माणूस जाईल."

हौसाबाईनं पदर तोंडाला लावला. सखारामनं मान हलवली, नाही म्हणून.

"अहो, परीक्षा कसली? मुळाशी पू झालाय."

"पू कुनी घातला?"

"किडीनं."

"कीड कुनी घातली?"

"दाढेत अडकलेल्या गुळानं."

"गूळ समदं गाव खातं. ह्यो धोंड्या तर ढेप फोडून खातोय. मग सूज माज्याच गालाला का?"

ह्याचं उत्तर आम्हाला डेंटल कॉलेजात शिकवलं नव्हतं. कीड कशी लागते हे मी तासभर सांगू शकले असते. ह्यालाच का लागली, ह्यावर माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

मग त्यानं खरं कारण सांगितलं. थांबून थांबून, लाळ पुसत. "जल्मभर लोकांस्नी सांगितलं, सोसा, द्येव बघतोय. कुनाचं पोर गेलं, कुनाचा बैल गेला, मी हेच सांगितलं. आता माज्यावर आली तर चिमट्याखाली बसू? परत कुन्या तोंडानं सांगू?"

"ह्याच तोंडानं. आधी ते उघडू तर द्या."

अंगणात हशा पिकला. सखाराम हसला नाही. त्याला हसताही येत नव्हतं म्हणा. पण मला तो माणूस एकदम आवडला. दुसऱ्याला दिलेला उपदेश स्वतःला लावून घेणारी माणसं मी फार पाहिली नव्हती, पुण्यात तर नाहीच.

मला पुण्याच्या डॉक्टरांचं वाक्य आठवलं आणि मी अक्कल चालवली. "मग देवालाच विचारू. कौल लावा."

कौल म्हणजे देवाचा होकार-नकार. शेंदूर लावलेल्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गावाचे कौल सखारामच लावायचा. पण गुरवानं स्वतःचा कौल स्वतः लावायचा नाही, असा रिवाज. म्हणून धोंडिबानं हातपाय धुतले. आम्ही सगळे देवळात गेलो. धोंडिबानं झेंडूच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा भैरोबा, दादाची दाढ बाई काढत्यात. काढू द्यावी का?"

माझा विश्वास पेनिसिलिनवर. तरी सांगते, त्या उजव्या पाकळीकडे मी अशी डोळे लावून बसले होते की कुणाला वाटावं, दाढ माझीच दुखतेय.

डावी पडली.

सखारामनं सुजक्या तोंडानं शक्य तेवढं समाधान दाखवलं. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. कौलाची कल्पना माझीच, म्हणजे त्याचं मरणही आता माझ्याच डोक्यावर. रागारागानं मी बॅगेकडे वळले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"भावजी, आजून एकदा लावा."

हौसाबाई. मी आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

धोंडिबा चरकला. "वैनी, एका दिसात त्योच सवाल दोनदा इचारता येत न्हाई."

"त्यो न्हाई. माजा येगळा हाय."

धोंडिबानं सखारामकडे पाहिलं. रिवाजाचा जाणकार तोच. सखारामनं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "येगळा आसंल तर इचारू दे." नियम म्हणजे नियम, मग तो स्वतःच्या अंगावर का येईना.

पुन्हा पाकळ्या लागल्या. हौसाबाई देवासमोर हात जोडून नाही, कमरेवर ठेवून उभी राहिली.

"द्येवा, दुखतंय ह्यांचं, पर राती जागतिया मी. प्येज मी करतिया, ती सांडली तर शिव्या मी खातिया. पानी आनून तुला आंगूळबी मीच घालतिया. ह्ये भितीला टेकून 'परीक्षा, परीक्षा' म्हनत्यात. मला येवडंच सांग, ही परीक्षा ह्यांची हाय का माजी? ह्यांची आसंल तर डावा दे. माजी आसंल तर उजवा दे."

पाकळ्या बराच वेळ जागच्या हलल्या नाहीत. मग उजवी सुटली, शेंदरावरून घसरली आणि खाली पडली.

"उजवा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

सखाराम चांगलाच दुखावला. "दाढ माजी, आन् परीक्षा हिची? मग येवडी कळ सोसली ती फुकट?"

"फुकट कशी?" हौसाबाई म्हणाली. "माज्या परीक्षेत आवगड गनित तुमीच व्हता. आता सुटा."

देवळात एवढं हसू मी तरी नंतर कधी ऐकलं नाही. सखारामच्या सुजलेल्या गालावरही काहीतरी हललं. तो उठला, ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "परीक्षाच हिची, तर माजा डावा कौल लागू न्हाई. काढा, बाई."

त्याला उजेडाकडे तोंड करून खांबाला टेकवलं. लाकडाचा एक स्क्रू असतो, तो दातांच्या फटीत घालून फिरवला की आवळलेला जबडा हळूहळू उघडतो. भुलीचं इंजेक्शन दिलं, पण जिथे पू असतो तिथे भूल नीट लागत नाही, हेही आधीच सांगितलं. त्यानं मान डोलावली. सोसायची सवय होतीच. दाढ हलवली, उपटली, आणि तिच्यामागून पू असा आला की पुढच्या रांगेतले बघे मागच्या रांगेत गेले. जबड्याखालून छोटासा छेद देऊन उरलेल्यालाही वाट करून दिली. मग पेनिसिलिन. अर्ध्या तासानं सखारामनं घोटभर पाणी गिळलं, आणखी एक घोट गिळला, आणि चमत्कार बघावा तसं तांब्याकडे बघत राहिला. मला इतका आनंद झाला की हात धुताना मी चक्क गुणगुणत होते.

निघायच्या तयारीत मी हौसाबाईला हळूच विचारलं, "आणि डावा पडला असता तर?"

"तर तिसरा सवाल व्हता की. ह्ये पास झालं का न्हाई, ते इचारलं आसतं. किती येळ न्हाई म्हनंल द्येव?"

एवढं बोलून ती पायरीवर टेकली, आणि बघता बघता बसल्या जागी झोपली. भर दुपारी, भर गर्दीत, हातातली मिठाची पुरचुंडी तशीच. धोंडिबा बैल जुंपताना मोठ्यानं हाकारू लागला, तसा सखाराम तोंडात कापसाचा बोळा धरून उठला आणि ओठांवर बोट ठेवून त्यानं त्याला गप्प केलं. मग तिच्याजवळ बसून पंच्यानं तिच्या तोंडावरच्या माश्या वारू लागला.

पुढचे काही दिवस पौडच्या कंपाउंडरनं त्याला सुया टोचल्या. सूज उतरली. लोकांना धीर द्यायला त्याचं तोंड पुन्हा पुरतं उघडू लागलं.

देव परीक्षा घेतो की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण पुढे मी स्वतःचा दवाखाना काढला, तेव्हा पेशंटच्या खुर्चीशेजारी दुसरी एक खुर्ची ठेवली, हाताची आणि चांगल्या गादीची. पेशंटला कुठे दुखतंय ते मी नंतर विचारते. आधी त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला म्हणते, "बसा."